नळाला थेट टिल्लू पंप लावला तर काय होतं? घरची टाकी आणि मोटार सुरक्षित कशी बसवायची?

उन्हाळा लागला की नागपूरच्या नंदनवनमध्ये पहाटे एक आवाज ठरलेला असतो. नळाला पाणी यायची वेळ झाली की आधी एका घरातून 'घुर्रर्र' ऐकू येतं, मग शेजारच्या, मग समोरच्या. पाच-दहा मिनिटांत अख्ख्या गल्लीत मोटारी सुरू झालेल्या असतात. हे टिल्लू पंप. काही जण टुल्लू म्हणतात.

मी इथे वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. पाणी चढेना म्हणून खालच्या काकूंना विचारलं, "काकू, तुमच्याकडे पाणी येतं का?"

काकू म्हणाल्या, "येते न, पण मोटार लावल्यावर. नाही लावली त थेंब येऊन नाही राहिला. समोरच्यानं लावली, बाजूच्यानं लावली, मग आम्हीच काय हात बांधून बसाचं?"

काकूंच्या या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. दर उन्हाळ्यात महापालिका टिल्लू पंप जप्त करते, बातमी येते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नळाला थेट पंप लावणं नियमात बसत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण का बसत नाही, त्यात धोका कुणाला आहे आणि बिनधोक पर्याय कोणता, हे फारसं कुणी सांगत नाही. तेच समजून घेऊ.

नंदनवनला पाणी येतं कुठून?

नागपूरला पाणी देणारे दोन मुख्य स्रोत आहेत. एक पेंच प्रकल्प आणि दुसरा कन्हान नदी. नंदनवन महापालिकेच्या नेहरूनगर झोनमध्ये येतं. पूर्व नागपूरच्या मोठ्या भागाला कन्हानच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळतं. तिथून ते उंच जलकुंभात चढवलं जातं आणि जलकुंभातून उताराने घरोघरी येतं. म्हणजे तुमच्या नळातला दाब बऱ्याच अंशी जलकुंभातल्या पाण्याच्या उंचीवर आणि वाटेत किती जण ते ओढतात यावर ठरतो.

नागपूरची गोष्ट देशात चर्चेत आली ती २४ बाय ७ योजनेमुळे. मार्च २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा चालवण्याचं काम ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे आहे. करार २५ वर्षांचा. पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी, असं उद्दिष्ट होतं. त्या कामात अनेक ठिकाणी जुन्या वाहिन्या आणि घरजोडण्या बदलल्या, मीटर लागले. पण ती मुदत उलटून बरीच वर्षं झाली, तरी शहरातल्या अनेक वस्त्यांत आजही ठरावीक तासच पाणी येतं.

त्यात २०१९ चा जुलै नागपूरकर विसरलेले नाहीत. पेंच प्रकल्पातला साठा तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. त्यानंतर ज्यांना परवडलं त्यांनी टाकी मोठी केली.

पाणी चोवीस तास नसेल तर साठवावं लागणार. साठवायचं तर टाकी आणि मोटार आलीच. प्रश्न एवढाच आहे की ती मोटार नेमकी कशाला जोडायची.

नळाला थेट पंप लावला तर काय होतं?

पाण्याच्या वाहिनीत दाब असतो, तोवर वाहिनीला कुठे चीर असली तरी पाणी बाहेर गळतं. बाहेरचं आत येत नाही. गळती ही नासाडी आहे, पण तेवढा वेळ पाणी शुद्ध राहतं.

टिल्लू पंप थेट जोडणीवर लावला की तो येणारं पाणी घेऊन थांबत नाही. तो वाहिनीतून पाणी खेचतो. दाब आधीच कमी असेल आणि एका गल्लीत दहा पंप खेचत असतील, तर वाहिनीतला दाब शून्याखाली जाऊ शकतो. मग त्याच चिरेतून उलटा प्रवास सुरू होतो. बाहेरची माती, नालीचं पाणी, गडरलाइनमधून झिरपलेलं सांडपाणी आत ओढलं जातं. आपल्याकडे अनेक गल्ल्यांत पाण्याची लाइन आणि गडरलाइन शेजारून जातात, काही घरजोडण्या तर थेट नालीतून गेलेल्या दिसतात. सकाळच्या पहिल्या पाण्याला वास येतो किंवा ते गढूळ असतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

दुसरा परिणाम शेजाऱ्यावर होतो. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात पाणी पोहोचतच नाही. तो माणूसही मग पंप आणतो. काकू म्हणाल्या ते याच साखळीबद्दल. दाब कमी म्हणून पंप, आणि पंपांमुळे दाब आणखी कमी.

तिसरा परिणाम तुमच्या बिलावर होऊ शकतो. वाहिनी रिकामी असताना पंप सुरू केला की तो हवा ओढतो. हवेनेही मीटरचे काटे फिरतात.

दूषित पाण्याची किंमत किती मोठी असते, हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. तिथे टिल्लू पंपामुळे असं झालं, असा याचा अर्थ नाही. पण वाहिनीत एकदा घाण शिरली की ती कोणत्या घरात जाईल हे कुणाच्या हातात राहत नाही. पंप ज्याने लावला तो निरोगी राहील आणि आजारी पडेल शेवटच्या घरातलं लेकरू, असंही होऊ शकतं.

पंप विकत घेण्याआधी हे तपासा

अनेक घरांत दाब कमी असण्याचं कारण महापालिकेची मोठी लाइन नसतंच. रस्त्यावरच्या लाइनपासून तुमच्या घरापर्यंत येणारी जुनी लोखंडी नळी आतून गंजलेली असते. अर्ध्या इंचाच्या नळीतून प्रत्यक्षात पेन्सिलीएवढीच वाट उरते. अशा नळीवर पंप लावला की ती आणखी लवकर फुटते.

तपासायची पद्धत सोपी आहे. पाणी आल्यावर मीटरजवळच्या, म्हणजे सर्वांत खालच्या नळाखाली बादली लावा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोजा. शेजारच्या घरातही हेच करा. शेजाऱ्याची बादली निम्म्या वेळात भरत असेल, तर दोष बहुधा तुमच्या जोडणीत आहे आणि ती बदलून घेणं पंपापेक्षा फायद्याचं. दोघांकडेही सारखंच कमी पाणी असेल, तर तक्रार गल्लीने मिळून करायला हवी.

आणखी एक गोष्ट. देशात पाणीपुरवठ्याचे आराखडे ज्या सरकारी मार्गदर्शिकेवरून होतात, तिच्या १९९९ च्या आवृत्तीत एकमजली घरांच्या वस्तीसाठी किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तिमजलीसाठी १७ मीटर दाब धरला होता. म्हणजे एकमजली वस्तीसाठी आखलेल्या लाइनवर तीन मजले चढवले, तर छतापर्यंत पाणी आपोआप जाणार नाही. हा दोष ना प्लंबरचा, ना नळाचा. अशा घराला मोटार लागणारच. फक्त ती योग्य जागी लागली पाहिजे.

मग मोटार जोडायची कुठे?

नियम एका ओळीचा आहे. मोटारीने पाणी तुमच्या टाकीतून ओढावं, सरकारी लाइनमधून नाही.

त्यासाठी रचना अशी करतात. नळजोडणीचं पाणी आधी जमिनीखालच्या किंवा जमिनीलगतच्या टाकीत पडतं. दाब कमी असला तरी खालच्या पातळीवर पाणी येतं, त्यामुळे ही टाकी भरते. तिथून मोटार पाणी छतावरच्या टाकीत चढवते. छतावरून ते उताराने घरात फिरतं.

यात काही गोष्टी पक्क्या हव्यात.

खालच्या टाकीत येणाऱ्या नळीला बॉलकॉक हवा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद होतं. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षाही वर हवं. ते पाण्यात बुडालेलं असेल तर लाइनमधला दाब गेल्यावर तुमच्या टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं.

खालची टाकी सेप्टिक टँक आणि गडरच्या चेंबरपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवा. तिची कड जमिनीपेक्षा वीतभर तरी उंच हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ज्यांच्या टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीत असतं, त्यांच्या टाकीत अशा वेळी रस्त्यावरचं पाणी सरळ उतरतं.

मोटार टाकीच्या जवळ बसवा. कोणताही वर ठेवलेला पंप फार खोलातून पाणी ओढू शकत नाही. हवेच्या दाबाच्या हिशेबाने मर्यादा सुमारे १० मीटर आहे, प्रत्यक्षात ती सहा-सात मीटरच समजायची. ओढणाऱ्या नळीच्या टोकाला फूट वॉल्व्ह लावला की नळीतलं पाणी खाली उतरत नाही आणि मोटार कोरडी फिरत नाही. कोरडी फिरलेली मोटार जळते.

साध्या दुमजली घराला अर्ध्या एचपीची मोटार सहसा पुरते. ती तासभर चालली तर साधारण अर्धा ते पाऊण युनिट वीज लागते. 'मोठी घेऊन ठेवा' हा दुकानदाराचा सल्ला ऐकण्याआधी घराची उंची आणि टाकी भरायला लागणारा वेळ मोजा.

टाकी किती लिटरची आणि ठेवायची कुठे?

शहरी घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी नियोजनातला आकडा. पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाचे ६७५ लिटर. एक दिवस पाणी आलं नाही तरी भागावं असं वाटत असेल तर दोन दिवसांचे १,३५० लिटर. म्हणजे खाली एक आणि वर एक अशा ५०० ते १,००० लिटरच्या दोन टाक्या बहुतेक घरांना पुरतात. त्याहून मोठ्या टाकीत पाणी पडून राहतं आणि त्यातला क्लोरीन उडून जातो.

आता वजन बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, अर्थात दहा क्विंटल. एखाद्या छोट्या कारपेक्षा जास्त वजन तुम्ही छतावर कायमचं ठेवताय. म्हणून टाकी खांब आणि बीमवर येईल अशी ठेवायची. छज्जा, बाहेर काढलेली गॅलरी, टिनाच्या शेडचा सांगाडा किंवा नुसती अर्ध्या विटेची भिंत या जागा टाकीच्या नाहीत. जुन्या घराला नंतर मजला चढवला असेल तर अभियंत्याला दाखवूनच जागा ठरवा.

प्लॅस्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण टेकलेला असावा. चार विटांवर किंवा दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवलेली टाकी ऊन खाऊन हळूहळू वाकते आणि एक दिवस तळाशी फाटते. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन हे काम लवकर उरकतं. घेताना टाकीवर आयएस १२७०१ हे मानक आणि आयएसआयचं चिन्ह आहे का ते पाहा. उजेड आत शिरणारी पातळ टाकी स्वस्त मिळते, पण तिच्यात शेवाळ धरतं.

टाकी कोसळणं ही कल्पनेतली भीती नाही. २४ ऑक्टोबर २०२४ ला पिंपरी-चिंचवडच्या भोसरीत मजुरांच्या वसाहतीतली पाण्याची टाकी फुटून कोसळली आणि पाच मजुरांचा जीव गेला. ती टाकी घरच्या टाकीपेक्षा मोठी होती. पण पाण्याचा दाब पेलेल अशी भिंत आणि आधार नसेल तर टाकी काय करू शकते, ते तिथे दिसलं.

वीज: सर्वांत मोठा धोका इथेच आहे

नागपूरकरांना पाणी आणि वीज एकत्र आल्यावर काय होतं हे कूलरमुळे चांगलं माहीत आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात येतात. टिल्लू पंपाची गोष्ट वेगळी नाही. तो उचलून नळाजवळ ठेवला जातो, खाली ओली फरशी, पाय अनवाणी, वायर जोडलेली आणि पिन तुटली म्हणून बोर्डात काड्या खोचलेल्या.

तीन गोष्टींना पर्याय नाही.

पहिली गोष्ट अर्थिंग. तीन पिनांचा प्लग असला म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. ते जमिनीपर्यंत पोहोचतं का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकावं लागतं.

दुसरी गोष्ट आरसीसीबी. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं बरेच जण सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नाही. शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह इतका कमी असतो की एमसीबीला तो कळतही नाही. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी असेल तर तेवढी गळती झाली तरी तो क्षणार्धात वीज तोडतो. तो घरात आहे का, हे आजच मेन बोर्डावर पाहा. त्यावर एक टेस्ट बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून वीज जाते का बघा.

तिसरी गोष्ट जागा. मोटार कायमची एका जागी, जमिनीपासून थोड्या उंच ओट्यावर, पावसाचं पाणी लागणार नाही अशी बसवा. स्विच ओल्या हातांपासून दूर असावा. मोटारीला, नळीला किंवा टाकीतल्या पाण्याला हात लावण्याआधी प्लग काढायचाच.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा आणि १०८ ला फोन करा.

उघडं झाकण आणि टाकीत उतरणारा माणूस

मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानातल्या उघड्या टाकीत पडून दोन लहान भावांचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ती टाकी पालिकेच्या उद्यानातली होती, पण अंगणातल्या टाकीवर पत्र्याचा तुकडा आणि त्यावर दगड, हे चित्र आपल्याही घरांत असतं. झाकण जड हवं, त्याला कडी-कुलूप हवं.

९ मार्च २०२५ ला मुंबईच्या नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतली जमिनीखालची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून दगावले. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, एकट्याने उतरू नका, वर एक माणूस सतत हवा. आतला माणूस बोलेनासा झाला तर त्याच्या मागे उडी मारू नका. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी बहुधा वाचवायला गेलेल्याचाच असतो. टाकीत डिझेलचा पंप उतरवू नका.

साफसफाई वर्षातून किमान दोनदा करा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. पिण्याच्या पाण्यासाठी १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर हे प्रमाण आरोग्य विभाग सांगतो. पावडर वेगळ्या भांड्यात कालवून निवळ टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो. म्हणून झाकण घट्ट ठेवा, ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी लावा आणि उघडी भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा.

जप्ती हा उपाय आहे का?

पंप जप्त केल्याने त्या दिवशी त्या गल्लीतला दाब सुधारतो, हे खरं आहे. पण एकाचा पंप उचलला आणि बाकी नऊ जणांचे राहिले, तर प्रामाणिक माणसाचंच नुकसान होतं. शेवटच्या घरात पाणी पोहोचत नसेल तर दुसऱ्या दिवशी नवा पंप येतो, बाजारात तो सहज मिळतो.

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. चोवीस तास पाणी असलं की साठवण कमी लागते, पंप कमी लागतात आणि वाहिनीत कायम दाब राहिल्याने घाणही आत येत नाही. ठरावीक तासांचं पाणी असलं की प्रत्येक कुटुंब स्वतःच्या खर्चाने एक छोटी पाणीयोजना उभी करतं. खाली टाकी, वर टाकी, मोटार, विजेचं बिल, साफसफाई. स्वतःचं घर आणि अंगण असलेल्याला हे जमतं. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याला खालची टाकी खोदता येत नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात, बादली किंवा टिल्लू पंप. म्हणून नियम मोडणाऱ्यांत असेही अनेक जण असतात, ज्यांना नियम पाळायची सोयच नाही.

यंत्रणेने जप्तीबरोबर आणखी काही केलं तर फरक पडेल. वाहिनीच्या शेवटच्या घरातला दाब मोजावा आणि तो वस्तीनुसार लोकांना दाखवावा. गंजलेल्या घरजोडण्या आधी बदलाव्यात. आणि कारवाई करायचीच तर एका घरावर न करता पूर्ण गल्लीत एकाच वेळी करावी, म्हणजे सर्वांना पंपाशिवाय किती पाणी येतं ते दिसेल.

आमच्या गल्लीत अजून सगळे पंप बंद झालेले नाहीत. काकूंना मी बादली मोजायचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी हसून घेतलं. मग आम्ही मोजलं. त्यांची बादली भरायला शेजारच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. आता त्यांचा मुलगा आधी जोडणी बदलून घेणार आहे आणि अंगणात खालच्या टाकीसाठी जागा बघतोय. बोर्डात आरसीसीबीही नव्हता. मी त्यांना म्हटलं, टाकी पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल, आरसीसीबी मात्र याच आठवड्यात बसवा.